मदरबोर्डच्या बायॉसमधील लपवलेल्या सेटिंग्ज बदलण्यासाठी कोणते साधन वापरावे?

प्रश्न (म्हापसा): माझ्या मदरबोर्डवर एएमआय कंपनीचे बायॉस (संगणक सुरू करणारी मूळ प्रणाली) असून, निर्मात्याने काही मेन्यू लपवले आहेत. एएमआयबीसीपी या बायॉस-संपादकाने ते उघडून बदललेली प्रतिमा (बायॉसची फाइल) फ्लॅश करावी, म्हणजे चिपवर लिहावी काय?

उत्तर (फोंडा): एवढ्यासाठी फ्लॅश करू नये. यूईएफआयटूल या साधनाने प्रतिमेतील सेटअप मॉड्यूल (मेन्यूंचा भाग) वेगळे काढून आयएफआर एक्स्ट्रॅक्टरमधून चालवले, की प्रत्येक पर्यायाचा ऑफसेट (साठवणीतील स्थान) व ग्राह्य मूल्ये मजकुरात मिळतात. मग सुधारित ग्रब या बूटलोडरमधील सेटअप_व्हार आदेशाने एनव्हीरॅममधील (सेटिंग्ज साठवणाऱ्या स्मृतीतील) तेवढेच मूल्य बदलता येते. मात्र ऑफसेट आपल्याच बायॉस आवृत्तीचे हवेत.

उत्तर (मडगाव): सहमत आहे. इंटेल बूट गार्ड (सुरू होताना बायॉसची सत्यता तपासणारी सुविधा) सक्रिय असल्यास संरक्षित भागात फेरफार केलेली प्रतिमा बहुधा सुरूच होत नाही. फ्लॅश करणे अटळच असेल, तर सीएच३४१ए प्रोग्रॅमरने (चिप थेट वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या उपकरणाने) मूळ चिपची प्रत आधी काढून ठेवावी, १.८ व्होल्टच्या चिपला अॅडॅप्टर लागतो. पावसाळ्यात आपल्याकडची वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे यूपीएसशिवाय हे काम हाती घेऊच नये.

उत्तर (डिचोली): बिटलॉकर (विंडोजचे डिस्क एन्क्रिप्शन) चालू असल्यास ते आधी स्थगित करा आणि रिकव्हरी की जवळ ठेवा.