मदत हवी आहे: बाबांची लघवीची नळी बदलायची आहे, इजा कशी टाळावी?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितेय. बाबा ७९ वर्षांचे, प्रोस्टेट वाढलेलं. हृदयाच्या त्रासामुळे ऑपरेशन तूर्त लांबलंय, म्हणून कॅथेटर (लघवीची नळी) कायम. मागच्या खेपेला एका ब्रदरला (पुरुष नर्सला) घरी बोलावलं होतं. नळीत लघवीचे चार थेंब दिसताच त्यानं नळी आत टिकवून धरणारा तिच्या टोकाजवळचा फुगा फुगवला. बाबा कळवळले आणि युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) लालभडक रक्त! त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू. दवाखान्यात कळलं, फुगा मूत्राशयात नव्हे, मूत्रमार्गातच फुगला होता.

आता पुन्हा बदलायची आहे. रामबागेतले शेजारी म्हणतात, "दवा बाजारातून नळी आणा, आमचा कंपाउंडर दोन मिनिटांत घालतो." मला त्या दोन मिनिटांचीच धास्ती. बारीक नंबरची नळी घेतली तर कमी लागेल का? बाबा झोपेत नळी ओढतात, त्याला काय करावं? डॉक्टरांना विचारणारच आहे, पण नेमकं काय विचारायचं तेच सुचत नाहीये.

प्रतिसाद १
ताई, मी वडोदऱ्याला बरीच वर्षं वॉर्डात सिस्टर होते. एकदा जखम झालीय, तर या वेळी घरी अजिबात नको. युरॉलॉजिस्टकडेच बदला आणि मागचा प्रकार आधी सांगा. त्या जागी मार्ग अरुंद झालेला असू शकतो.

पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण २० सेंमी, त्यात वळणं. लघवी दिसली म्हणजे फुगा आत पोचला असं नाही, कारण नळीचं भोक टोकाशी असतं आणि फुगा त्याच्या मागे. म्हणून नळी पार दुफाट्यापर्यंत (बाहेरच्या टोकाला तिला दोन फाटे फुटतात तिथवर) आत घालायची, लघवी नीट वाहू द्यायची, मगच फुग्यात डिस्टिल्ड वॉटर भरायचं, बहुधा १० मिली. भरताना दुखलं किंवा पिचकारी जड लागली, तर तिथेच थांबून पाणी परत ओढायचं. नळी घालण्याआधी मूत्रमार्गात सुन्न करणारी जेली भरपूर, आणि ती घातल्यावर काही मिनिटं थांबायचं. घाईत हेच गाळतात! नळी अडली तर जोर नाही.

बारीक नळीचं म्हणाल, तर वाढलेल्या प्रोस्टेटपाशी ती उलट दुमडते. टोक वाकडं असलेली कूदे नळी मिळते, ती चालेल का विचारा.

प्रतिसाद २
आमच्या आजोबांची तीच सवय. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधतो, थोडी सैल ठेवून, आणि पायजम्याच्या आतून खाली काढतो. हाताला लागतच नाही. बॅग कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

धागाकर्ती
खूप आभार, सगळं कागदावर उतरवून घेतलं. सोमवारची वेळ मिळालीय. रक्त पातळ करायच्या गोळ्या आदल्या दिवशी बंद ठेवू का?

प्रतिसाद १
मनानं एकही गोळी बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन लावा. आणि बदलल्यावर लघवी थांबली, रक्ताच्या गाठी आल्या किंवा थंडी वाजून ताप चढला, तर सकाळची वाट न बघता घेऊन जा.