‘तंतू’, ‘सूत’, ‘धागा’ आणि ‘विणणे’

‘तंतू’, ‘सूत’ आणि ‘धागा’ हे समानार्थी शब्द मानावेत का, असा प्रश्न आहे. बोलताना ते एकमेकांच्या जागी खपून जातात. परंतु कापड कसे तयार होते हे लिहायचे असेल, तर त्यांतील भेद पाळावाच लागतो.

तंतू हा मूळ घटक आहे. कापसाचा तंतू बहुधा अडीच-तीन सेंटिमीटरच भरतो. सरकी काढून कापूस पिंजला, त्याचा पेळू (कातण्यासाठीची लांबट वळी) वळला आणि तो ओढत ओढत त्याला पीळ दिला, की हे आखूड तंतू घर्षणामुळे एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचे सलग सूत होते. आपण ‘कापूस पिंजतो’, पण ‘सूत काततो’. पहिल्या क्रियापदाचे कर्म कच्चा माल आहे, तर दुसऱ्याचे कर्म तयार झालेली वस्तू आहे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. रेशमाची गोष्ट निराळी आहे. एका कोशातला तंतू शेकडो मीटर सलग असल्यामुळे तो कातावा लागत नाही, उलगडावा लागतो. म्हणून ‘रेशमाचे सूत’ कानाला खटकते आणि तिथे ‘धागा’ हा व्यापक शब्दच योग्य ठरतो. शिवणाचा तो दोरा.

मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा आणि धोट्याने (आडवा धागा नेणाऱ्या साधनाने) त्यांतून आडवा जातो तो बाणा. ताण आणि घासणे सोसावे लागत असल्यामुळे ताण्याच्या सुताला आधी खळ (चिकट पेजेचा लेप) देतात. ‘तंतू’ आणि ‘तंत्र’ हे दोन्ही शब्द ‘ताणणे, पसरणे’ या अर्थाच्या ‘तन्’ धातूपासून आले आहेत आणि ‘तंत्र’ या शब्दाचा एक जुना अर्थ मागच होता. ‘ओतप्रोत’ हा शब्दही मुळात विणण्याचाच आहे.

खरी अडचण ‘विणणे’ या क्रियापदाची आहे, कारण धोतरही विणले जाते आणि स्वेटरही. पहिल्यात उभे-आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात; दुसऱ्यात एकाच धाग्याचे फास एकमेकांत अडकवलेले असतात आणि ते फास आकार बदलू शकत असल्यामुळेच स्वेटर ताणला जातो. म्हणून संदर्भ स्पष्ट नसेल तेथे ‘मागावर विणलेले’ आणि ‘सुयांवर विणलेले’ असे लिहावे. नमदा (लोकरीचे जाड, दाबून केलेले कापड) मात्र विणलेला नसतोच. लोकरीचे तंतू ओलावा, उष्णता आणि दाब यांनी एकमेकांत गुंतवून तो सुताशिवायच तयार होतो, म्हणून त्याच्यासाठी ‘थापणे’ हे क्रियापद मला अधिक योग्य वाटते.