सिक्युअर बूट बायोसमध्ये इनेबल्ड, विंडोजमध्ये मात्र ऑफ, गेम आत घेत नाही, मदत हवी आहे

मंडळी, जाम अडकलोय. मोठं अपडेट आल्यापासून गेम लॉबीपर्यंत जातो, मॅच शोधायला लावली की सिक्युअर बूट (पीसी चालू होताना फक्त सही केलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) चालू करा म्हणतो आणि बाहेर काढतो. नियम मला पटतो, विंडोजच्या आधीच लोड होणारे चीट अडवायचे तर दुसरा उपाय नाही आणि चीटरांनी रँक्डची पार वाट लावली होती. पण टीम माझ्याशिवाय खेळतेय आणि मी बायोसमध्ये बसलोय, फार जिवाला लागतं.

टीपीएमचं काम झालंय, प्रोसेसर एएमडीचा आहे म्हणून एफटीपीएम (प्रोसेसरमधलंच टीपीएम) चालू केलं, आता विंडोजच्या टीपीएम डॉट एमएससीत २.० दिसतं. डिस्क एमबीआर (जुनी पार्टिशन पद्धत) होती, ती विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटीने आधी व्हॅलिडेट करून मग जीपीटी (नवी पद्धत) केली, एकही फाइल गेली नाही, सीएसएम (जुन्या पद्धतीच्या बूटची सोय) बंद केलं, विंडोजच्या एमएसइन्फो३२ मध्ये बायोस मोड युईएफआय (नव्या पद्धतीचं बूट) येतो. पण त्याच्या खालीच सिक्युअर बूट स्टेट ऑफ! बायोसमध्ये बघावं तर वर इनेबल्ड, खाली बारीक करड्या अक्षरात नॉट अ‍ॅक्टिव्ह आणि सिस्टिम मोड सेटअप.

की मॅनेजमेंटमध्ये रिस्टोअर फॅक्टरी कीज असं काहीतरी आहे, तेच दाबायचं का? सी ड्राइव्हला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आहे आणि दुसऱ्या एसएसडीवर उबंटू आहे, तेही युईएफआयमध्येच, त्यातलं काम मला गमवायचं नाही. फॉरमॅट मार एवढं मात्र सांगू नका प्लीज.

उत्तर:
फॉरमॅटची काही गरज नाही. सेटअप मोड म्हणजे बोर्डात प्लॅटफॉर्म की (सिक्युअर बूटची मुख्य की) नाहीये, सही तपासायची कशावरून, म्हणून इनेबल्ड करूनही सिक्युअर बूट झोपलेलंच राहतं. तेच ऑप्शन दाब, दिसत नसेल किंवा दाबता येत नसेल तर सिक्युअर बूट मोड आधी स्टँडर्डचा कस्टम कर, कीज टाकून झाल्या की परत स्टँडर्ड. सिस्टिम मोड युजर झाला की सेव्ह करून रीस्टार्ट.

पण त्याच्या आधी विंडोजमधून बिटलॉकर सस्पेंड कर आणि ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर किंवा फोनमध्ये घे, त्याच पीसीवर ठेवून उपयोग नाही. नाहीतर पुढच्या बूटला निळी स्क्रीन ती की मागत बसेल. क्लिअर टीपीएम किंवा एफटीपीएम रीसेट असं काही विचारलं तर हो म्हणू नकोस, त्याचा इथे संबंध नाही.

उबंटू सही केलेल्या शिमवरून (छोटा बूट प्रोग्राम) बूट होतं त्यामुळे ते चालेल. फक्त ग्राफिक्सचा किंवा व्हर्च्युअल मशीनचा ड्रायव्हर वेगळा टाकला असशील तर तो सही नसल्यामुळे लोड होणार नाही, त्यासाठी मॉक की (ड्रायव्हरवर सही करायची तुझी स्वतःची की) एनरोल करावी लागते. कुठला ड्रायव्हर आहे ते टाक इथे, स्टेप्स देतो.