मदत हवी आहे: ग्र्यूनर फेल्टलीनर आणि रीसलिंग, या दोन द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनच्या चवीतला फरक ओळखायचा कसा?

दमलेला_प्रवासी
शुक्रवारच्या आत उत्तर हवंय. ऑफिसातली मंडळी लेबलं झाकून ग्लास पुढे ठेवतात आणि कुठली वाइन ते ओळखायला लावतात. या खेपेला माझी पाळी आहे. दोन्ही बाटल्या घरी आणल्या, दोन्ही वाखाउच्याच. आलटून पालटून प्यायलो, दोन्ही नुसत्या आंबट लागतात. नेटवर जिथे बघावं तिथे एकच पाठ: ग्र्यूनरमध्ये पांढरी मिरी, रीसलिंगमध्ये पीच. कुठाय मिरी? 'सरावाने जमेल' असं कृपया कोणी लिहू नका.

अण्णा_नाशिककर
सोपं आहे. गोड ती रीसलिंग, आंबट ती दुसरी. विषय संपला.

कडूगोड
अण्णा, एवढ्यात नाही संपत. वाखाउ म्हणजे ऑस्ट्रिया, डॅन्यूबच्या काठचा मेल्क ते क्रेम्स हा पट्टा. तिथली रीसलिंग बहुतेक कोरडीच असते. तुम्ही म्हणताय ती गोड बहुधा जर्मनीतल्या मोझेलची. कोरडी म्हणजे लिटरमागे 4 ग्रॅमपर्यंत साखर, आम्ल भरपूर असेल तर 9 पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे गोडीवर जाऊन धागाकर्ते हमखास फसणार.
प्रवासी, तुम्ही काहीच सांगितलं नाहीत. साल कुठलं? लेबलवर फेडरश्पील म्हणजे हलकी की श्माराग्ड म्हणजे जड? किती थंड होती? सोबत काय खात होता?

दमलेला_प्रवासी
साल बघितलं नाही, नवीनच असणार. फ्रिजमधून काढली, ओतली. ग्र्यूनरवर श्माराग्ड लिहिलंय, रीसलिंगवर फेडरश्पील. खायला लसूण शेव होती. पण माझा प्रश्न द्राक्षांच्या चवीचा आहे, शेवेचा नाही.

खवय्या_मालवणी
लसूण शेव!! अहो, तिखटावर वाइन प्यायलात की तोंडाची आग वाढते आणि लसूण उरलेला वास खाऊन टाकतो. ग्र्यूनरबरोबर कोळंबी घ्या. नारळाच्या दुधातली, तिखट अगदी बेताचं. माझी कृती वेगळी टाकतो.

हायडेलबर्गकर
मी बरीच वर्षं रीसलिंग पितोय. एकच खूण लक्षात ठेवा: नाक घातलं आणि रॉकेल आठवलं की ती रीसलिंग. बाकी सगळं पुस्तकी.

रसायनी_काका
हायडेलबर्गकर, तो वास टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षाच्या सालीतल्या कॅरोटिनॉइडपासून त्याची सुरुवात होते, द्राक्षांना ऊन जास्त मिळालं की जास्त, आणि बाटलीत वर्षं जातील तसा तो वर येतो. ताज्या, थंड हवेतल्या रीसलिंगमध्ये बहुतेकदा नसतोच. प्रवासी रॉकेल शोधत बसतील आणि दोन्ही ग्लासांना ग्र्यूनर म्हणून मोकळे होतील.
आता मिरीबद्दल. तो वास रोटंडोनचा, हाच पदार्थ काळ्या मिरीतही असतो. शिराझ वाइनमध्ये तो नेमका कोण ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिलं, ग्र्यूनरमध्येही तोच. गंमत अशी की साधारण पाचातल्या एकाला रोटंडोनचा वास येतच नाही, कितीही घाला. प्रवासी, तुम्ही त्या पाचव्यातले असाल तर जन्मभर हुंगलंत तरी मिरी सापडायची नाही.

निशाचर
मग घरातली मिरी कुटून वास घ्यावा. आला तर नाक ठीक.

रसायनी_काका
नाही हो. मिरीत इतर सुगंधी द्रव्यं ढिगाने आहेत, रोटंडोन न कळणाऱ्यालाही मिरी 'मिरी'च वाटते.

हायडेलबर्गकर
काका, मी पीतो, तुम्ही वाचता. एवढाच फरक.

सह्याद्री_दगडफोड्या
जमिनीबद्दल कोणीच बोलत नाही? रीसलिंग वरच्या उभ्या पायऱ्यांवर, नाइस खडकावर. ग्र्यूनर खाली, लोएस मातीत. रीसलिंगमध्ये दगडाची चव सरळ उतरते.

कडूगोड
खडक बरोबर, माती बरोबर, शेवटचं वाक्य चूक. मुळं दगडाची चव शोषून द्राक्षात नेत नाहीत. पातळ जमिनीत पाणी कमी, वेल वेगळी वाढते, फळ वेगळं पिकतं, फरक तिथून येतो.

सह्याद्री_दगडफोड्या
मग वाइनवाले 'मिनरल' का म्हणतात?

कडूगोड
विकायला.

अण्णा_नाशिककर
एक सावधगिरी. ऑस्ट्रियाच्या वाइनमध्ये गाडीचं अँटिफ्रीझ घालतात. पेपरात वाचलंय.

कडूगोड
अण्णा, ते 1985. काही उत्पादकांनी वाइन गोड आणि भरदार वाटावी म्हणून डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलं होतं. निर्यात कोसळली, कायदा कडक झाला, आणि नंतरच्या वर्षांत कोरड्या वाइनवर भर वाढला. तुमचा पेपर जरा जुना आहे.

सात्विक_वाचक
दारूवर एवढी चर्चा, तीही चवीने. मराठी माणूस कुठे चाललाय?

निशाचर
व्हिएन्नाला. बाय द वे प्रवासी, तिथे एका खोलीचं भाडं किती पडतं? भाच्याला ॲडमिशन मिळालीय.

दमलेला_प्रवासी
भाड्याचं खाजगी निरोपात विचारा. शुक्रवार जवळ येतोय, कोणीतरी मुद्द्यावर या ना!

कडूगोड
येतो. वाखाउच्या उत्पादक संघाने, 1983 साली स्थापन झालेल्या विनेया वाखाउने, ताकदीप्रमाणे तीन वर्ग केलेत. श्टाइनफेडर 11.5 टक्के अल्कोहोलपर्यंत, फेडरश्पील 11.5 ते 12.5, श्माराग्ड 12.5 च्या वर. म्हणजे तुम्ही पिकलेली, जड ग्र्यूनर हलक्या रीसलिंगसमोर ठेवली. दोन द्राक्षं ओळखायची तर बाकी सगळं सारखं हवं. दोन्ही फेडरश्पील घ्या, जमल्यास एकाच वर्षाच्या, एकाच उत्पादकाच्या.
ओतण्याआधी वीसेक मिनिटं बाहेर ठेवा. फ्रिजच्या चार-पाच अंशांना सुगंध दबतो आणि आम्लच पुढे येतं, म्हणून तुम्हाला दोन्ही आंबट. दहाच्या आसपास बरं. मिरी विसरा, पीचही विसरा. घोट गिळल्यावर थांबा. रीसलिंगचं आम्ल कैरीच्या फोडीसारखं जिभेच्या कडांना धरतं आणि तोंडाला पाणी सुटत राहतं. ग्र्यूनरचं आम्ल सहसा त्याहून मऊ, वास हिरव्या सफरचंदाचा, कधी मुळ्याचा, आणि गिळल्यावर मागे बारीकशी कडसर छटा राहते. मी तरी त्या कडसरपणावरच ओळखतो.
घरच्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा, दोन एकीचे, एक दुसरीचा. वेगळा कोणता तेवढंच शोधा. नावं नंतर.

रसायनी_काका
कडसरपणा सालीच्या फेनॉलमुळे. पण रस सालीवर किती वेळ ठेवला त्यावरही ते अवलंबून, रीसलिंगमध्येही येऊ शकतो. आम्लावर जास्त भिस्त ठेवा.

कडूगोड
काका, शुक्रवारपर्यंत त्यांना एकच खूण पुरे.

हायडेलबर्गकर
रॉकेल.

दमलेला_प्रवासी
दोन्ही फेडरश्पील आणल्या. शेवेशिवाय, जरा कोमट होऊ देऊन. वेगळा ग्लास सापडला! तोंडाला पाणी सुटण्याचं कळतंय, कडू मात्र कधी लागतं, कधी नाही. मिरी अजूनही शून्य, बायकोला मात्र पहिल्या वासातच आली, ती वाइन पीतही नाही. आता एकच शंका. त्या लोकांनी मुद्दाम तिसऱ्या ग्लासात वाइसबुर्गुंडर, म्हणजे पिनो ब्लाँ ही तिसरीच पांढरी वाइन, ओतली तर?

कडूगोड
ती दोन्हींपेक्षा सौम्य, वास कमी. काहीच ठळक सांगता आलं नाही तर तीच म्हणा.

खवय्या_मालवणी
कोळंबीची कृती टाकली आहे. बायकोसाठी तिखट वेगळं काढून ठेवा.