‘बेन-हर’चा चौथा घोडा

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. शनिवारी सभागृहात ‘बेन-हर’ (१९५९) दाखवल्याबद्दल समितीचे आभार मानतो आणि एक तक्रार नोंदवतो. आरंभी पडद्यावर मायकेलअँजेलोने रंगवलेले आदमचे चित्र स्थिर राहते आणि सहा मिनिटांहून अधिक वेळ केवळ मिक्लोश रोझा यांचे संगीत वाजते. तो भाग न दाखवता पुढे सरकवण्यात आला. मी तीनदा हात वर केला होता.

ए-१०३ (समिती) : काका, चित्र हलेना, म्हणून प्रोजेक्टर अडकला असे वाटले. खुर्च्या मांडताना मात्र एकही हात वर दिसला नाही.

सी-२०१ : रथांच्या शर्यतीत एकाच्या मनगटावर घड्याळ दिसते म्हणतात. कोणी पाहिले का?

बी-४०२ : खुर्च्यांचा विषय गणपतीतच संपला आहे. मूळ मुद्दा असा, की या चित्रपटाची चौकट उंचीच्या पावणेतीनपट रुंद आहे. पडदा भरून दिसावा म्हणून आपण चित्र मोठे केले आणि दोन्ही बाजूंनी मिळून तिसरा हिस्सा कापला. बेन-हरच्या रथाला चार पांढरे घोडे आहेत, आम्हाला बऱ्याचदा तीनच दिसले.

सी-१०४ : चौथा बी-विंगच्या पार्किंगमध्ये उभा असेल, तिथे कोणीही काहीही लावते.

बी-३०४ : मी ‘टेन कमांडमेंट्स’ सुचवला होता. समुद्र दुभंगतो ते दृश्य मुलांना आवडले असते. आमचे कोण ऐकतो!

ए-१०३ (समिती) : वहिनी, तो २२० मिनिटांचा आहे. हा २१२ मिनिटांचा, तोही चहापायी सहाऐवजी सातला सुरू झाला आणि दहाला आवाज बंद करावा लागला. चहा कोणाकडून उशिरा आला, ते लिहीत नाही.

बी-३०४ : लिहा की! त्यामुळे बेन-हरची आई आणि बहीण कुष्ठरोगातून बऱ्या होतात तो शेवटचा पाऊस आम्ही मुक्यानेच पाहिला.

सी-२०१ : घड्याळाचे कोणीच सांगितले नाही.

बी-४०२ : ती अफवा आहे. बेन-हर झालेल्या चार्ल्टन हेस्टनच्या हातांवर चामड्याचे पट्टे आहेत. शर्यतीत स्टंटमन मेला, हीसुद्धा अफवाच. शर्यत बसवणाऱ्या याकिमा कॅनट यांचा मुलगा, जो कॅनट, हेस्टनच्या जागी रथ हाकत होता. मोडक्या रथावरून उडी घेताना तो पुढे फेकला गेला, पण हनुवटीला जखम होण्यावर निभावले. दिग्दर्शक विल्यम वायलर यांनी तो प्रसंग ठेवून हेस्टन पुन्हा रथात चढतो असे चित्रण जोडले. रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओमध्ये उभारलेल्या त्या मैदानावर शर्यत सुरू झाली, की संगीत थांबते. उरतात चाके, टापा आणि गर्दी. आपल्याकडे नेमके तेव्हाच, शांत वाटते म्हणून, कोणीतरी आवाज वाढवला.

सी-१०४ : तो मी वाढवला. नऊ फेऱ्या मोजणारे सोनेरी मासे खाली कलंडतात, ते पाहून आमचा नातू अजून चमचे कलंडवतो आहे.

बी-३०४ : ख्रिस्ताचा चेहराही कापला गेला का हो? पाठच दिसत होती.

बी-४०२ : नाही वहिनी, चेहरा मुळातच दाखवलेला नाही. त्याबाबतीत समिती निर्दोष आहे.

ए-१०३ (समिती) : आभारी आहोत. रविवारी दुपारी तीनला पुन्हा लावतो, पूर्ण चौकटीत आणि आरंभीच्या संगीतासह. खुर्च्यांसाठी अडीचला या, काका.

सी-२०१ : तेव्हा मनगटे नीट पाहू.