मदत हवी आहे: पॅड बदलल्यापासून मागचे ब्रेक नीट लागत नाहीत

मंडळी, गाडी स्कोडा लॉरा डिझेल, २०११ ची. चारही चाकांना डिस्क, हँडब्रेक साधा केबलचा. गाडी चिपळूणला असते, त्यामुळे पावसाळाभर भिजते. मागचे पॅड संपत आले होते म्हणून ओळखीच्या फिटरकडून दोन्ही बाजूंचे बदलून घेतले. डिस्क त्याच ठेवल्या.

तेव्हापासून पेडल आधीपेक्षा खाली जातं. गाडी थांबते, पण सगळा भार पुढच्या चाकांवर पडतोय हे कळतं. कुंभार्ली घाट उतरून थांबलो तर पुढच्या चाकांजवळ हात नेववत नव्हता, मागची जेमतेम कोमट. पुढचे ब्रेक जास्त काम करतात हे मान्य, पण इतका फरक?

घरी मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मुलाला पेडल दाबून धरायला सांगितलं. डावं चाक जाम. उजवं मात्र जोर लावला की सरकतं.

ब्रेक ऑइल कुठे गळत नाही, पातळी बरोबर आहे, एबीएसचा दिवा लागत नाही. फिटरचं म्हणणं, "पॅड नवे आहेत, बसायला वेळ लागतो." परत नेली तेव्हा त्याने हँडब्रेकची केबल ताणून दिली. हँडब्रेक आता छान लागतो, पेडल आहे तिथंच.

पॅड बसले की पेडल वर येईल, हे मला तरी पटत नाही. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून घेऊ, की उजवा कॅलिपरच (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) गेलाय? अख्ख्या कॅलिपरचा भाव ऐकून जरा दमाने घ्यायचं ठरवलंय. पंधरा वर्षांनंतरचं आरटीओ पासिंगही डोक्यावर आहे, तिथे ब्रेक बघणारच.

प्रतिसाद १
हवा राहिली असणार. चारही चाकांच्या ब्रेकमधली हवा काढा, ऑइलही बदलून टाका. दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर नाहीतरी बदलायचंच. डॉट ४ दर्जाचं घाला.

धागाकर्ता
ऑइल जुनं आहे, बदलतो. पण पॅड बदलताना निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडलाच नव्हता, मी समोर होतो. मग हवा शिरेल कुठून?

प्रतिसाद २
बरोबर, हवा शेवटी बघा. आधी गाडी उभी ठेवून, इंजिन चालू असताना पेडल लागोपाठ मारा. (इंजिन बंद ठेवलंत तर पायाला जोर देणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपून पेडल तसंही कडक होतं आणि फसवतं.) मारता मारता पेडल वर आलं आणि तिथे टणक लागलं, तर पिस्टन पॅडपासून लांब राहतोय. वर येऊनही पायाखाली लवत असेल तर हवा.

या गाडीत मागच्या कॅलिपरच्या आतच हँडब्रेकची यंत्रणा असते. पुढच्यासारखा सी-क्लॅम्प लावून हा पिस्टन आत ढकलायचा नसतो, दाबत दाबत फिरवायचा असतो. त्याचं वेगळं टूल मिळतं. ढकलला असेल तर आतला अ‍ॅडजस्टर (पॅड झिजतील तसा पिस्टन पुढे घेणारा) बिघडू शकतो. फिटरकडे ते टूल आहे का, एवढं सहज विचारा. भांडण नको, कळलं की पुरे.

पण माझा जास्त संशय लिव्हरवर आहे. हँडब्रेक सोडल्यावर कॅलिपरवरचा लिव्हर (केबल ओढते तो दांडा) मागे येऊन स्टॉपच्या, म्हणजे त्याच्या अडथळ्याच्या, अगदी जवळ गेलाच पाहिजे. तो त्याहून जास्त ओढलेला राहिला तर अ‍ॅडजस्टर पुढे सरकत नाही, पॅड आणि डिस्कमधली फट भरत नाही आणि दर वेळी पेडलचा पहिला भाग ती फट मिटवण्यात वाया जातो. तुमचा त्रास केबल ताणण्याआधीचा आहे, म्हणजे उजवा लिव्हर गंजून अडकत असावा. आता केबल ताणल्यामुळे डावाही त्याच वाटेला लागेल. हँडब्रेक छान लागतोय यावर जाऊ नका, तो केबलच्या जोरावर लागतोय.

केबलचा नट पूर्ण सैल करा. दोन्ही लिव्हर हाताने स्टॉपपर्यंत जातात का बघा. मग पेडल बऱ्याच वेळा जोरात मारा, उंची स्थिर होईपर्यंत. त्यानंतर नट इतकाच आवळा की लिव्हर स्टॉपवरून मिलिमीटरभर सुटतील. आधी पेडल, मग हँडब्रेक. बहुतेक गॅरेजांत हे उलटं करतात.

प्रतिसाद ३
वरच्याशी सहमत. उघडताच आहात तर कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन बाहेर काढून बघा, सुक्या झाल्या असतील तर ब्रेकचंच ग्रीस लावा, साधं नको, रबर फुगतं. पॅडचे कान ज्या खाचेत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. आणि जुन्या डिस्कच्या कडेला धार आली आहे का? आली असेल तर नवा पॅड पुरता टेकत नाही. तेवढ्यापुरतं फिटरचं "बसायला वेळ लागतो" खरं आहे, पण त्याने पेडल खाली जात नाही.
तोवर घाटात नेऊ नका.

धागाकर्ता
केबल सैल केली. डावा लिव्हर खटकन स्टॉपवर गेला. उजवा अर्ध्यात थांबतो, हाताने ढकलला तर जातो, आणि गंज दिसतोय. पेडल मारलं की वर येतं आणि टणक लागतं, म्हणजे हवा नाही. आता एकच विचारतो: लिव्हरच्या शाफ्टचं सील आणि स्प्रिंग सुटं मिळतं का, की कॅलिपरच घ्यावा लागतो? कराड किंवा कोल्हापूरला कुणी करून घेतलं असेल तर सांगा.