बहाव्याच्या खोडाला पेव्हर ब्लॉक भिडवलेत, काय करू?

प्रश्न: कोथरूडच्या आमच्या गल्लीत नवा फुटपाथ झाला. ठेकेदाराने ब्लॉक थेट बहाव्याला टेकवले, फटीत सिमेंट ओतलं. चहाच्या बशीएवढीही माती उघडी नाही. बहावा फुलायच्या आधी पानं गाळतो, ते ठीक; पण यंदा भर श्रावणात पिवळा पडलाय. छिन्नी-हातोडा घेऊन मीच बसू का?

वाडेकर: हातोडा नको, मुळं दुखावतील. आधी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे फोटोसह अर्ज द्या, पोच घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तेही अर्जात लिहा.

माळीबुवा: मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, आणि अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं वरच्या हातभर मातीतच असतात. नुसतं आळं नको, पाणी आत वळेल असा उतार हवा. शेवटी वर पालापाचोळा. (जाळी बसवली तर खोड वाढल्यावर तीच गळ्याला लागते, सांगून ठेवतो.)

प्रश्नकर्ता: अर्ज दिला, पोच मिळाली. तोवर पहारीने कडेचे चार ब्लॉक उचकटलेत. खाली माती नाहीच, नुसता राडारोडा!

वाडेकर: पोच आधी की पहार आधी?